आभाराचं पत्र

पाऊस आला आणि बाग क्षणात रिकामी झाली. मे महिन्यातला तो रविवार. गावातले खडकबागवाले, म्हणजे दगडांच्या फटींत डोंगरी झाडं वाढवणारे, वर्षातून एकदा आपापल्या बागांची फाटकं सगळ्यांसाठी उघडी ठेवतात, तो दिवस. पन्नासेक माणसं बोहुशकाकांचे दगड बघायला आली होती. टपोरे थेंब पडायला लागले तशी ती सगळी, कॉफी आणि केकच्या आशेनं, पडवीत पळाली.

एकच माणूस राहिला.

काकांच्या मुलीनं, ब्लांकानं, पडवीतून पाहिलं. तिच्या वडिलांच्या त्या लाडक्या झुडपापुढं कोणीतरी उकिडवं बसलं होतं. डोक्यावरून पाणी निथळतंय, चष्मा धूसर झालाय... आणि हातातली छत्री? छत्री झुडपावर धरलेली!

"अहो!" ती पावसातच खाली उतरली. "छत्री माणसांसाठी असते."

"फुलं आजच उमललीत," तो मान वर न करता म्हणाला. "गारा आल्या तर झडतील म्हणून—"

"त्या झाडानं तीस वर्षं गारा खाल्ल्यात. तुम्ही खाल्लेल्या दिसत नाहीत."

मग त्यानं वर पाहिलं. चष्म्यातून त्याला काही दिसत नसावं, कारण तो ब्लांकाच्या डाव्या कानाकडे बघून हसला. पण हसला मात्र असा, की ब्लांकाला उगीचच आपले केस ओले झाल्याची आठवण झाली. एरवी ही बाई दिवसभर दगड उचलते. लोकांच्या बागांत खडक रचून देणं हाच तिचा धंदा, स्वतःची गाडी, स्वतःची पहार. केसांचा विचार ती वर्षातून दोनदा करते.

"हा लिकोवेत्स आहे ना? शेळीटेकडीचा?"

"तुम्हाला शेळीटेकडी कशी माहीत?"

"तिथं आता एकही उरला नाही. मी तीन वसंत शोधतोय." तो उठला आणि त्यानं ओला हात पुढं केला. "हिनेक. निसर्गरक्षण कार्यालयातून आलोय. मला याच्या फांद्या हव्या आहेत. कलमं करून पुन्हा टेकडीवर—"

"हळू बोला!" ब्लांकानं पटकन पडवीकडे पाहिलं. पण उशीर झाला होता. बोहुशकाकांना पेन्शन लागल्यापासून कमी ऐकू येतं म्हणतात, पण 'कार्यालय' हा शब्द त्यांना नदीपलीकडूनही ऐकू येतो.

काका पायऱ्या उतरून आले. हातात कप तसाच.

"सात पत्रं," ते म्हणाले. "सात पत्रं लिहिली मी तुमच्या कार्यालयाला. टेकडीवर शेळ्या चरत होत्या तोवर ही फुलझुडपं होती. शेळ्या गेल्या, काटेरी झुडूप माजलं. मी लिहिलं, शेळ्या आणा, नाहीतर काटे सगळं गिळतील. एका पत्राला उत्तर आलं नाही. एकालाही! आणि आता झाडं संपल्यावर फांद्या मागायला येता? चहाकॉफी घ्या, केक खा, आणि घरी जा."

हिनेकनं केक खाल्ला. दोन तुकडे खाल्ले. निर्लज्ज आहे की भुकेला, ते ब्लांकाला ठरवता येईना. जाताना तो छत्री मात्र झुडपाजवळच विसरला.

आता हे लिकोवेत्सचं झुडूप म्हणजे काय, ते सांगायला हवं. उंची वीतभर. बाराही महिने हिरवं, बर्फाखालीसुद्धा. पान इतकं कडू की शेळ्या तोंड लावत नाहीत. खडकाच्या फटीत असं पसरतं की दगडावर कोणी गालिचा टाकलाय. मे महिन्यात गुलाबी फुलं अशी येतात की पान दिसत नाही, आणि लवंगेसारखा वास फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत जातो. तीस वर्षांपूर्वी टेकडीच्या पायथ्याचा रस्ता रुंद करत होते, तेव्हा बोहुशकाकांनी यंत्राच्या दातापुढून बोटाएवढं रोप उचललं होतं. चुनखडीच्या पातळ लाद्या उभ्या रचून, पावाच्या कापांसारख्या एकमेकींना चिकटवून, त्यांच्या फटीत ते लावलं. त्याची जात अशी आहे की एकदा मूळ धरलं की हलवायचं नाही. हलवलं की मेलं.

आणि झुडूप म्हातारं झालं होतं. उत्तरेकडची बाजू गेल्या हिवाळ्यात तपकिरी पडली होती. काका तिकडे बघतच नसत. ब्लांका रोज बघायची. तिनं तीन उन्हाळे चोरून कलमं करून पाहिली होती, तिन्ही वेळा कुजली. टेकडीवरचं शेवटचं झाड गेलं, आता जगात हे एवढं एकच. हे गेलं की संपलं. आणि हे सगळं माहीत असून बाप हट्टाला पेटलेला! ब्लांकाला कधीकधी वाटे, कुदळ घ्यावी आणि बापाच्या अहंकाराची मुळं खणून काढावीत.

पुढच्या शनिवारी हिनेक सायकलवरून छत्री न्यायला आला.

"छत्री तिथं आहे," काका म्हणाले.

"दिसली." पण तो छत्रीकडे गेलाच नाही. ब्लांका नवी लादी उभी करत होती, तिथं जाऊन उभा राहिला. "हे एकटीनं उचलता?"

"तुम्ही आलात म्हणून काही हलकं होणार नाही."

"मी दुसरी बाजू धरू?"

"बोटं जातील."

"दहा आहेत."

त्यानं धरली. चुकीची धरली, नडगीवर घेतली, ओरडला नाही. संध्याकाळपर्यंत सहा लाद्या उभ्या राहिल्या. फांदीचं नाव त्यानं काढलं नाही. छत्री पुन्हा विसरला.

जूनभर हे असंच चाललं. दर शनिवारी छत्री न्यायला यायचा आणि विसरून जायचा. शेजारच्या कुबेशोवाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "ब्लांके, त्या पोराचा विसराळूपणा औषधाच्या पलीकडचा आहे गं. लग्नच लावून टाका." ब्लांका लाजली नाही. लाजणं तिला जमतच नाही. ती म्हणाली, "आधी लादी सरळ धरायला शिकू दे."

एका दुपारी ती दोघं नव्या खडकावर बसून सॉसेज आणि पाव खात होती. हिनेक म्हणाला, "तुम्ही फटीत माती जवळजवळ घालतच नाही, नुसती खडी. झाड उपाशी नाही राहत?"

ब्लांकानं पाव खाली ठेवला. "हिनेक, तू मला 'तू' म्हण."

त्यांच्या मुलखात हे बाईनंच म्हणायचं असतं. पुरुष कितीही वर्षं वाट बघत बसू दे, तो आपणहून 'तू'वर येऊ शकत नाही. हिनेक चष्मा पुसू लागला. त्याचे कान लाल झाले.

"मी... म्हणजे... तू..."

"जमतंय. आणखी एकदा म्हण."

"तू," तो म्हणाला, आणि या वेळी त्याचा चष्मा स्वच्छ होता आणि तो तिच्या कानाकडे नाही, डोळ्यांत बघत होता. ब्लांकाचं सॉसेज हातातच राहिलं. अगं बाई, तिच्या मनात आलं, हे तर भलतंच झालं. पण वाईट मुळीच वाटलं नाही.

जून संपता संपता, फुलं झडून नवे फुटवे जरा कडक झाल्यावर, बोहुशकाका एका शनिवारी कात्री घेऊन बागेत आले. कोणी काही विचारलं नव्हतं. वाकले, बारा फांद्या कापल्या, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि हिनेकच्या हातात दिल्या.

"कार्यालयाला देत नाही," ते म्हणाले. "सहा आठवडे माझे दगड उचललेस, त्याला देतोय."

हिनेकनं तोंड उघडलं. ब्लांकानं त्याचा पाय जोरात दाबला. त्यानं तोंड मिटलं.

गरजच नव्हती खरं तर. तिथलं शेंबडं पोरही जाणतं की रोपाचे, फांदीचे, कलमाचे आभार मानायचे नाहीत. आभार मानले की रोप रुजत नाही. कोणी रोप दिलं की आपण म्हणायचं, "बरं, ऊन आहे आज," आणि चालू पडायचं. हिनेक म्हणाला, "बरं, ऊन आहे आज." आभाळ भरलं होतं. पण काका खूश झाले. पोरगा वळणाचा आहे, असं त्या रात्री जेवताना दोनदा म्हणाले.

जुलैच्या मध्यावर पोस्टमननं लिफाफा टाकला. गोल शिक्का, जाड कागद.

ब्लांका बाहेरून आली तेव्हा काका स्वयंपाकघरात बसले होते. समोर कागद.

"वाच," ते म्हणाले.

'महोदय, दुर्मीळ वनस्पतीच्या बारा फांद्या उदारपणे दिल्याबद्दल आमचे कार्यालय आपले मनःपूर्वक आभार मानते...'

"आभार," काका म्हणाले. "शिक्का मारून आभार! सात पत्रांना उत्तर नाही, आणि आलं तर हे आलं! मूर्खांनो, आख्ख्या आयुष्यात एक पत्र लिहिलंत आणि नेमकं हेच लिहिलंत?"

ब्लांकाला हसू येत होतं आणि रडूही. "बाबा, कागदानं काही होत नाही."

"होतं की नाही ते बघशील."

हिनेक दुसऱ्याच दिवशी आला. पत्र वरिष्ठांच्या कारकुनानं धाडलं होतं, त्याला पत्ताच नव्हता. पण ते सांगायला तो आला नव्हता. त्यानं एक ट्रे पुढं केला. बारा फांद्या. खालून काळ्या पडलेल्या.

काकांनी ट्रेकडे पाहिलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. त्यापेक्षा ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"बुरशी आहे," हिनेक म्हणाला. "वाळू जास्त ओली राहिली. माझी चूक. कागदाची नाही, माझी."

"माझ्याही तीन वेळा कुजल्या." ब्लांका त्याच्याशेजारी पायरीवर बसली. "पुढच्या वेळी वाळू मी भाजून देते, पाणी मी घालते. तू नुसता बघ."

"पुढची वेळ? ते आता देतील?"

तिनं ट्रे उचलला आणि काळ्या फांद्या खताच्या ढिगावर टाकल्या. त्या वर्षीचा उन्हाळा भाजणारा होता. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अर्धं झुडूप तपकिरी झालं. ब्लांका सकाळी उठून आधी तिकडे जायची आणि परत येताना तिचं तोंड कडू झालेलं असायचं.

"बाबा, आणखी थोड्या फांद्या द्या," एक दिवस ती सरळच म्हणाली. "हे हिवाळा काढणार नाही. तुम्हालाही दिसतंय."

"दिलेलं एकदा वाया गेलं. त्यावर आभार चढलेत. आता माझ्या हातानं दिलेली एक फांदी रुजायची नाही."

"बाबा!"

"मी देऊ शकत नाही, ब्लांका." त्यांनी झुडपाकडे पाठ फिरवली. "देऊ शकलो असतो तर दिल्या नसत्या का?"

आणि मग शनिवारी रात्री, सूपमध्ये पावाचा तुकडा बुडवत, काका सुपाशीच बोलल्यासारखं बोलले. "उद्या दुपारी तीन ते चार रेडिओवर बँड आहे. मी दार लावून ऐकणार. मोठ्यानं." घोट. "फाटकाची बिजागरी फार कुरकुरायची. सकाळी तेल घातलं." आणखी एक घोट. "कात्रीला धारही केली. खिडकीत ठेवलीय, कुठं हरवायला नको म्हणून."

ब्लांकानं चमचा खाली ठेवला. दिलेली फांदी आभारानं मरते हे जसं तिकडे सगळ्यांना माहीत आहे, तसंच दुसरंही माहीत आहे. चोरलेली फांदी हमखास रुजते.

ती बाहेर जाऊन फोनवर कुजबुजली, "उद्या तीनला ये. चोरी करायची आहे."

"मी सरकारी नोकर आहे, ब्लांका!"

"उद्या रविवार आहे. सुट्टीच्या दिवशी कर."

तीनला बँड सुरू झाला, खिडकीच्या काचा थरथरतील एवढ्या आवाजात. फाटक आवाज न करता उघडलं. हिनेक असा वाकून आला की कोणीही त्याला चोर म्हणून तात्काळ पकडलं असतं.

"सरळ चाल. कुबेशोवाबाईंना वाटेल पाठ भरलीय."

"माझे हात थरथरताहेत."

"मग माझा धर."

त्यानं धरला. दोघं झुडपापुढं गुडघे टेकून बसली. ब्लांका बोटानं दाखवत होती, ही घे, हिरव्याच्या खाली जरा कडक लाकूड येऊ दे, ती नको, ती आजारी आहे. तो कापत होता. दगड उन्हानं तापले होते आणि पानांना उग्र, कडवट वास येत होता. एकदा हिनेक कुजबुजला, "चोरीचा माल मोजायचा असतो का?" आणि ब्लांकाला हसू आवरेना. आतून बँड आणखी मोठा झाला.

अठरा फांद्या झाल्या. उठायला हवं होतं. दोघांपैकी कोणी उठलं नाही.

"ब्लांका..." तो म्हणाला. त्याच्या नाकावर माती होती. "एक विचारू?"

"विचारलंस तर रुजणार नाही."

त्यानं विचारलं नाही. ब्लांकानं डोळे मिटले तेव्हा त्याच्या चष्म्याची कड तिच्या गालाला टेकली, गार, आणि मग ओठ, मुळीच गार नसलेले. बँडनं तेवढ्यात एक लांबलचक सूर धरला होता. तो संपला तरी हे संपलं नव्हतं. कुंपणापलीकडून कोणीतरी मोठ्यानं खाकरलं.

"बाई, तुमचा आवाज बसलाय का?" ब्लांका डोळे न उघडता म्हणाली.

"नाही गं, मी कुठं काय बघतेय!" कुबेशोवाबाई म्हणाल्या.

चार वाजता रेडिओ बंद झाला. काका बाहेर आले, झुडपाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बागेत चोर येऊन गेलेला दिसतोय. पोलिसांना सांगायला हवं. उद्या. परवा."

वाळू ब्लांकानं स्वयंपाकघरातल्या भट्टीत भाजली. फांद्या लावल्या, काच झाकली, रोज दोनदा उघडून पुसली. हिनेक कार्यालयातून सुटला की तडक यायचा, चपला दाराशी काढायचा आणि आत शिरायचा. तोवर त्याच्यासाठी घरात वापरायच्या चपलांचा एक जोड वेगळा निघाला होता. सप्टेंबरअखेर ब्लांकानं एक फांदी बोटानं अलगद ओढून पाहिली. आली नाही. धरून होती! ती तशीच घरभर नाचली आणि हिनेकला स्वयंपाकघरात इतक्या जोरात मिठी मारली की त्याच्या खिशातलं पेन मोडलं.

नऊ जगल्या. आणि थोरलं झुडूप फेब्रुवारीत गेलं. बर्फ वितळल्यावर खाली काहीही हिरवं नव्हतं. काका दिवसभर त्याच्याजवळ स्टूल टाकून बसले. ब्लांका त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. त्यांनी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

एप्रिलमध्ये नऊ कुंड्या घेऊन तिघं शेळीटेकडीवर चढली. काका सहा वर्षांत वर गेले नव्हते, बघवत नाही म्हणून. शेवटच्या वळणावर ते थांबले.

उतार मोकळा होता. काटेरी झुडपं पार मुळापर्यंत खाल्लेली, मध्ये पांढरे खडक उन्हात उघडे पडलेले. वरच्या बाजूला दावणीला बावीस शेळ्या.

"ऑक्टोबरपासून चरताहेत, बर्फाचे दिवस सोडून," हिनेक म्हणाला. "तुमची पत्रं सापडली, काका. सातही. तळघरातल्या कपाटात होती. उत्तर लिहिणार होतो, पण म्हटलं, आधी शेळ्या आणाव्यात."

बोहुशकाकांनी खिशातून रुमाल काढला, नाक शिंकरलं, पुन्हा शिंकरलं. मग स्वतःच एक कुंडी उचलून खडकापाशी गेले, गुडघे टेकले आणि फट हातानं चाचपू लागले.

दुपारपर्यंत आठ रोपं लागली. नववं हातात घेऊन हिनेक उभाच होता. इथं सावली येते, तिथं पाणी साठेल, एकदा लावलं की हलवता येत नाही... दहा मिनिटं झाली.

"यांना तीन उन्हाळे पाणी घालावं लागेल," काका खालून म्हणाले. "कोण घालणार? तू तर शहरात राहतोस."

"मी गावात खोली बघतोय," हिनेक म्हणाला.

"खोली कशाला?" ब्लांकानं पहार खडकाला टेकवली. "बाबा, हा आपल्याकडे राहायला येतोय."

"कधी ठरलं?" हिनेक.

"आत्ता."

"ब्लांका, पण हे... हे असं नसतं. मी विचारायचं असतं ना?"

"मग विचार की! मी मे महिन्यापासून थांबलेय. मला तू आवडतोस, हिनेक. फार. पावसात बसलेला पाहिला तेव्हापासून. आता मी सगळं सांगून टाकलं, तुला काही शिल्लक ठेवलं नाही."

त्यानं हातातलं रोप खाली ठेवलं. उतारावर, शेळ्यांच्या लेंड्यांत, गुडघा टेकला. चष्मा पुन्हा धूसर झाला होता, आणि एप्रिलच्या त्या दुपारी पावसाचा तर पत्ता नव्हता.

"माझ्याशी लग्न करशील?"

ब्लांकाला उत्तर कधीचं माहीत होतं. पण तोंडातून शब्द फुटेना. जिला कधी लाजता आलं नाही ती बाई ओठ घट्ट मिटून उभी, डोळे भरलेले.

"अगं, हो म्हण लवकर," बोहुशकाका खडकापाशी तसेच बसून म्हणाले. "मला उठायला दोघांचा हात लागणार आहे."

"हो," ब्लांका म्हणाली. "हो, हो!"

मग दोघं हसत, रडत काकांना उठवायला धावली.